प्रथम वर्ष, पुन्हा

खिडकीच्या आत इनामदार भाऊसाहेब
पेनाचं टोपण दातात धरून म्हणाले,
इथं दोनच रकाने आहेत, बाळ.
प्रथम वर्ष.
थेट द्वितीय, ते डिप्लोमावाल्यांना.
तू यातली कुठली?

मी पिशवीतून कागद काढला.
सांख्यिकी, पहिलं सत्र, चार श्रेयांक.
दुसरं सत्र, चार.
खाली हत्तुरे सरांची सही,
शिक्का जरा फिरलेला,
आणि तारीख अशी, की तेव्हा मी अकरावीत.

भद्रावती पेठेतून सातला सायकल निघायची
तेव्हा माग नुकते सुरू झालेले असायचे.
गल्लीभर एकच खटखट,
तिच्या ठेक्यावर मी संभाव्यता पाठ करत जायची.
नाणं उडवा. पुन्हा उडवा.
आधी काय पडलं ते नाण्याला आठवत नसतं,
असं सर फळ्यावर लिहायचे
आणि मला ते कधी पटलं नाही.

शेवटच्या बाकावर,
कॉलेजच्या पोरींच्या रंगीत ओढण्यांमागं
निळ्या गणवेशातली, दोन वेण्यांची मी एकटी.
हजेरीत नाव नव्हतं.
सगळे नंबर संपले की सर थांबायचे,
चष्म्यावरून मागं बघायचे.
मी हात वर करायची.
मग दहाला माझी खरी अकरावी,
तिथं बाई विचारायच्या,
कोडम, जांभया कसल्या देतेस सकाळी सकाळी?

भाऊसाहेबांनी कागद उलटा करून पाहिला.
मागं काही नव्हतं.
परत सरळ केला.
चांगलं आहे गं, म्हणाले, खरंच चांगलं आहे,
पण यात बारावीचंच चढतं.
जोड हवं तर. टाचणी लावून.
कोपराशी त्यांचा डबा उघडा होता,
सरांच्या सहीवर
शेंगाचटणीच्या तेलाचं एक बोट उमटलं.

सर, तुमचंच बरोबर होतं.
नाण्याला आठवत नसतं.
मी 'प्रथम'वर खूण केली.

घरी नायना जकार्डचे पुठ्ठे टोचत बसले होते.
चादरीवरचा मोर म्हणजे
पुठ्ठ्यावरची भोकं, दुसरं काही नाही.
भोक असेल तिथं धागा उठतो,
नसेल तिथं गप्प.
म्हटलं, नायना, त्या फॉर्मवर
माझं भोकच पाडलेलं नाही.

ते हसले नाहीत.
पुठ्ठा बल्बसमोर धरून, एक डोळा मिटून
बराच वेळ बघत राहिले,
मला वाटलं ऐकलंच नाही.
मग म्हणाले, उठला नाही म्हणून
धागा तुटला काय?
खालून जातोच की तो.
चादर उलटी करून बघ,
तिकडं तोच वर असतोय.

अम्माला एवढंच विचारायचं होतं,
शिकलेल्या विषयाची फी पुन्हा पडणार का.
पडणार, म्हटलं.
तिनं वळलेली विडी सुपात टाकली,
दुसरं पान घेतलं,
आणि तेलुगूत जे काही म्हणाली
ते भाऊसाहेबांना कळलं नाही तेच बरं.

जुलै. खोली तीच, बारा नंबर.
तिसरा पंखा अजून कण्हतोय.
पहिलं सत्र, पहिला तास,
फळ्यावर तेच नाणं.
माझ्या वहीत उत्तर आधीच आहे,
तरी मी नवी वही उघडली.
गंमत म्हणजे या खेपेला
मला एक शंका आली, दोन वर्षांत न आलेली.

हजेरीत मी सतरावी.
सरांनी नाव वाचलं, नागमणी कोडम,
आणि मी हात वर केला,
'हजर' म्हणायचं राहूनच गेलं.
यादी संपली.
सर थांबले. चष्म्यावरून मागं बघितलं.
मी मान वळवली तर
शेवटच्या बाकावर निळ्या गणवेशातला एक पोरगा,
मिसरूड नसलेला, कॉलर घामानं ओली,
अर्धवट हात वर करून बसलेला.

मी बाकावर जरा डावीकडं सरकले,
त्याला फळा दिसावा म्हणून.