ओ

साहेब म्हणाले होते, फोन नुसता चालू ठेव.
नुसता.
बारा दिवसांच्या रजेत हा शब्द
चपलेत शिरलेल्या खड्यासारखा आला आमच्याबरोबर,
मोन्तेविदेओहून बसने, मग उघड्या ट्रकच्या टपावर बसून,
वाळूच्या टेकड्यांमधून कापो पोलोनियोपर्यंत,
जिथे विजेचे खांब पोचत नाहीत
आणि जानेवारी म्हणजे भर उन्हाळा.

खोपटात मेणबत्त्या, विहिरीचं पाणी,
रात्रभर खडकांवर भांडणारे समुद्रसिंह.
आदेमार म्हणाला, इथे कुणाचा बाप आपल्याला शोधू शकणार नाही.
फोनवर एकही रेघ नव्हती.
मी हसले. मग तीनदा पाहिलं.

रेंज फक्त मोठ्या टेकडीच्या माथ्यावर मिळते
हे पहिल्याच संध्याकाळी कुणी न सांगता कळलं.
तिथे माणसं उभी होती
हात वर करून, तोंडं वेगवेगळ्या दिशांना,
पंख वाळवणाऱ्या पाणकावळ्यांसारखी.
साल्तोचा दातांचा डॉक्टर, विमा कंपनीतली बाई,
ओल्या चड्डीतला एक न्यायाधीश.
कुणी कुणाकडे बघत नव्हतं.
गुप्तरोगाच्या दवाखान्याबाहेर पाळतात तसा शिष्टाचार.

चार तारखेला फोन वाजला.
वॉशिंग्टन. (आमच्याकडे हे माणसाचंही नाव असतं.
तेवीस वर्षांचा, घाबरट, चांगला.)
कत्तलखान्याच्या रातपाळीचा ओव्हरटाइम
नव्या सिस्टिममध्ये बसत नाहीये,
बेचाळीस जणांचे पगार अडकलेत.
उद्या पगाराचा दिवस. परवा तीन राजांचा सण,
आदल्या रात्री पोरं बूट ठेवतात दाराशी
आणि शेजारी उंटांसाठी मूठभर गवत.

मी म्हटलं, चौथा रकाना रिकामा सोड,
आधी थंडीचा भत्ता टाक, मग तास.
दोन मिनिटं. एवढंच.
खाली आले तर आदेमारने माझ्यासाठी ठेवलेला
येर्बाचा घोट गार झालेला,
आणि तो काही बोलला नाही, हे जास्त लागलं.

आता सांगा.
युनियनच्या सभेत मीच उभी राहून बोलले होते,
रजा म्हणजे रजा. टाळ्या पडल्या होत्या.
ते खरं होतं. अजूनही आहे.
फक्त त्या सभेत लेदेस्माची पोरगी नव्हती,
दाराशी रिकामा बूट ठेवून झोपलेली.
आणि साहेबही नव्हते,
ज्यांनी तीन वर्षं दुसरा माणूस नेमला नाही,
कारण मी आहे ना.
कारण हाक आली की मी ओ देते.

पाच, सहा, सात. कुणाचाच फोन नाही.
तरी मी चढत राहिले,
कधी सूर्यास्ताच्या निमित्ताने, कधी निमित्ताशिवाय.
न वाजलेला फोन हाताला इतका जड लागतो
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री दीपगृहाचा झोत आमच्या भिंतीवरून फिरे.
बघ, त्यालाही रजा नाही, आदेमार म्हणाला.
मी म्हटलं, त्याला कुणी बोलवत नाही,
ते आपणहून सांगतं, मी इथे आहे.
फरक आहे.
आहे? तो म्हणाला,
आणि कुशीवर वळला.

दुपारी माइते शिंपला कानाला लावून बसली होती.
हॅलो, आई सुट्टीवर आहे. नाव सांगून ठेवा.
मग थोडं थांबून, आवाज उतरवून, अगदी माझ्यासारखं,
तातडीचं आहे का?

परत गेले की वॉशिंग्टनला शेजारी बसवीन,
चौथा रकाना शिकवीन, सगळं वहीत लिहून देईन,
पुढच्या जानेवारीत कुणाला माझं काम पडणार नाही.
मेणबत्तीच्या उजेडात यादी करायला घेतली.
सात मुद्दे झाले.
आठवा, सगळ्यात सोपा,
अजून लिहिलेला नाही.