माया सोडून

व्हॅक्सीन डेपोच्या तांबड्या मातीत
पहिले तीन दिवस मी सपाता घालून धावले.
धावले म्हणजे
एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत,
मग कमरेवर हात, मग पदराने तोंड.
चौथ्या दिवशी टाचेतून निघालेली कळ
थेट गुडघ्यात जाऊन बसली,
आणि पोलीस भरतीसाठी घड्याळ लावून पळणारी शिवलीला
थांबून म्हणाली,
"काकू, पाय हाईत की मशीनचं पॅडल?
सपाता घालून पळतंय काय ओ कोण?"

मशीनचं पॅडलच.
बावीस वर्षं अनगोळच्या त्या खोलीत
मी बायकांची मापं घेत आले :
छाती, कंबर, दंड, मुंढा.
पाव इंचावरून भांडल्यात माझ्याशी.
पण माझ्या पायाला कुणी टेप लावलेली
मला आठवत नाही.
लग्नात आलेल्या चपला पाच नंबरच्या होत्या.
त्यानंतर दुकानात विचारलं की मी "पाच" म्हणायचे,
नाव विचारलं की नाव सांगावं तसं.

शिवलीलाने सांगितलं म्हणून
न्हाणीतून ओला पाय शहाबादी फरशीवर ठेवला.
अख्खा उमटला.
मधे कमान असते म्हणे लोकांना,
माझी चपातीच.
हे पेपर शोधत त्यावरून चालत गेले.
मी पुन्हा पाय भिजवला.

खडे बाजारात संध्याकाळीच गेले,
दिवसभर उभं राहून पाय फुगतो, तेव्हाचा खरा.
मल्लेशप्पाने आधी गुलाबी काढला.
बाई म्हटली की गुलाबी.
मग एक पाच हजारांचा,
"मेत्तग ऐत्री अक्का!"
मऊ होता खरा.
इतका मऊ, की घोटा गादीवर उभ्या पोरासारखा डुगडुगला.
मी म्हटलं, धावून बघू?
"ओड्री, ओड्री," तो म्हणाला,
आणि मी साडी खोचून बाहेर पडले,
एका पायात निळा, एका पायात करडा,
किमतीची चिठ्ठी लोंबत,
भांडीवाल्यापासून कुंद्याच्या दुकानापर्यंत.
एका हातगाडीवाल्याने गाडी मागे घेतली.
कुणाच्या मागे लागली म्हणून एकाने वळूनही पाहिलं.
निळ्याने करंगळी चावली.
करड्याने काहीच केलं नाही,
तेच आवडलं.

तेवढ्यात मल्लेशप्पाला काय वाटलं कुणास ठाऊक,
त्याने गल्ल्याखालून धूळ बसलेली पट्टी काढली,
गुडघ्यावर बसला,
माझी टाच पट्टीला टेकवली.
उजवा सात.
डावा सातहून चिमूटभर जास्त.
"एळु," तो म्हणाला.
मी म्हटलं, पाच असेल.
त्याने पट्टी माझ्याकडे फिरवली.
आकड्याला काय, वाचता येतो.

करड्याचा सात नंबर वर माळ्यावर होता,
गेल्या वर्षीचा माल, साडेअठराशे.
नाडी बांधून त्याने बुटाच्या टोकाशी
स्वतःचा अंगठा आडवा दाबला.
"इष्टु जागा बेकु."
जागा. त्यांच्यातही जागाच म्हणतात.
मी मान हलवली. मला कशाला सांगतोस बाबा,
प्रत्येक ब्लाउजच्या शिवणीत मी ती सोडत आलेय,
आत दुमडलेली, कुणाला न दिसणारी,
उद्या बाई भरली तर उसवायला.
आम्ही तिला माया म्हणतो.

घरी ह्यांनी विचारलं, केवढ्याचे?
मी म्हटलं, सात.
"सातशे?"
मी पिशवी खुंटीला लावली.

सकाळी तिसऱ्या गेटला मालगाडी आडवी.
दुधवाले, शाळेची रिक्षा, सगळे थांबलेले,
मी जागच्या जागी पाय उडवत.
नंतर डेपोत पाचव्या झाडापर्यंत गेले.
गुडघा अजून बोलतो, पण हळू.
सहाव्याशी नाडी सुटली.
शिवलीलाने दुहेरी गाठ दाखवली होती, ती विसरले,
मग काज-बटणाच्या शेवटी मारते तशी
माझीच गाठ मारली,
आणि उठताना पाहिलं :
मातीत ठसा उमटला होता,
नक्षीचा, रुंद, माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा.