टोक गावाचं

पास्कोलबाबाने घंटाघराची किल्ली दिली, म्हणाला,
"एकवीस वर्षं पावणेसातच वाजलेत इथे.
आम्हाला सवय झालीय."

जांभळी नाक्यावर माझं अडीच हात रुंद दुकान.
नखावर मावतील अशी चाकं हाताळणारा मी
आणि इथे माझ्या छातीएवढं एकेक चाक,
दात्यांत कबुतरांची पिसं.
नुसतं घासण्यात चार रविवार गेले.

तबकडीवर हिरवा ऑइलपेंट,
खिडक्यांना मारून उरलेला असणार.
त्याखाली पांढरा. त्याखाली निळा.
टर्पेंटाइनच्या बोळ्याने
दिवसाला तळहाताएवढं सोलत गेलो
तर आकड्यांभोवती सोनेरी वेल निघाली.
द्राक्षांची काढ, म्हणून सांगितलं असेल कुणी पाद्र्याने.
काढणाऱ्याने द्राक्ष पाहिलंच नसावं.
येऊरच्या उतारावरची करवंदं होती ती,
काटेसुद्धा सोडले नव्हते.

एक वजन बिडाचं.
दुसऱ्याच्या जागी जात्याची तळी,
मधल्या भोकातून साखळी ओवलेली.
कुणाच्या घरातली, कोण सांगणार?
जुन्या वहीत एवढंच:
"घड्याळ चालू केले. खर्च नाही."

मिनिटकाट्याची शेपूट मात्र लाल निघाली.
नुसती शेपूट.
गंज समजून घासायलाच निघालो होतो,
तेवढ्यात पास्कोलची नव्वदीची आत्या
जिन्याच्या तळातून ओरडली,
"टोक गावाचं! शेपूट आगगाडीची!"

तिच्या आज्याने तिला सांगितलेलं:
गाडी धावायची मद्रासच्या घड्याळाने,
गाव आपल्या उन्हाने,
मध्ये अर्ध्या तासाचं अंतर.
मिठाची पोती घेऊन निघालेला शेपूट बघायचा,
मिस्साला निघालेली टोक.
काटा एकच,
आणि खोटं कुणीच पडत नव्हतं.

ट्रस्टी म्हणाले, लाल नको, लोक गोंधळतील.
खरंय. त्या वेळेची गाडी आता येत नाही.
मी मान हलवली, काटा दुकानात आणला,
टोक काळं केलं.
शेपटीपाशी ब्रश धुतला
आणि दुसरी डबी उघडली.

रात्री उशिरा हिशेब सुचला:
टोकाचे पावणेसात
म्हणजे शेपटीचे सव्वासात.
हिरव्या रंगाखाली एकवीस वर्षं
गाडी फलाटावर येऊन उभी होती,
आणि गाव
अजून घरून निघालंच नव्हतं.