रजिस्टर

दुकानात आता नवं रजिस्टर आहे:
कोणता मासा, किती, कुणाला.
गिऱ्हाईक हसतं,
"माशाला काय आधार कार्ड लागतंय व्हय?"

मी लिहितो.
सकर, दोन नग, बोटाएवढे.
काच चाटून साफ ठेवतात म्हणून सगळे नेतात.
मग बोटाचा हात होतो,
टाकी पुरत नाही,
मारायला कुणी धजत नाही.
डबा घेऊन संध्याकाळी रंकाळ्यावर जातात,
म्हणतात, "जा बाबा, जग."

मीही म्हणालो होतो. संध्यामठाच्या बाजूला.

परवा हिंदुराव भोई आला,
काउंटरवर जाळं ठेवलं, फाटकं.
दुधाळी नाला पंचगंगेला मिळतो तिथं
एका रात्रीत सात सकर.
वांब नाही, मरळ नाही.
"कोण खात न्हाई, कोण घेत न्हाई,
जाळं तेवढं फाडत्यात."
मग बराच वेळ बसून राहिला
टाकीतल्या पिल्लांकडं बघत.
"ग्वाड हाईत की रं," म्हणाला.

तो गेल्यावर मी रजिस्टरचं शेवटचं पान काढलं.
तारीख आठवेना, ती जागा सोडली.
सकर. एक नग.
कुणाला:
रंकाळा.