पंचाचं बोट

पार्क मैदानावर कॅमेरा नाही,
तरी पोरं हातांनी टी करतात.
नरसय्या येमूल मान हलवतो: खेळा पुढं.

आठवडाभर कारखान्यात तो टॉवेल तपासतो.
टीव्हीवर निम्मा चेंडू यष्टीला लागूनही
पंचाचंच खरं धरतात, हे त्याला पटत नाही.
धागा सुटला म्हणजे सुटला;
निम्माच सुटला म्हणून माल पास होतो का?

रविवारी चिलवेरीच्या धाकट्याला पायचीत दिलं.
रात्री कडक भाकरी मोडताना
तोच आवाज आला.
आधी बॅट.

सोमवारी, पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी
सायकल त्यांच्या दाराशी.
"या की आत," आई म्हणाली.
"नको. नाबाद होता तुमचा पोरगा.
एवढंच."

पोरगं दात घासत होतं, तोंडात फेस;
नुसतं बघत राहिलं
हँडलवरच्या त्या बोटाकडं.