नेढं

लीड्स. तळघरातली खोली. रात्रीचे सव्वादोन.
वुडहाऊस लेनवरून बस गेली
तेव्हा पडद्यावरची रेघ जराशी थरथरली,
मग शांत झाली.

दिवे बंद. फोन बाहेर, ग्लेनिसच्या टेबलावर,
तिच्या बिस्किटांच्या डब्यात.
तांब्याच्या जाळीच्या पिंजऱ्यात
नखाएवढी चकती, चकतीत पापुद्रा,
पापुद्र्यात एक छिद्र.
केसाच्या जाडीत अशी दहा हजार ओळीने बसतील.

तात्या दोरा जिभेवर ओला करून ओवायचे.
इथे उलटं. आधी नेढंच ओलं करायचं,
नाहीतर एक बुडबुडा दार अडवून बसतो दिवसभर.
दोरा मात्र आपणहून येतो
मिठाच्या पाण्यातून,
पलीकडच्या धन टोकाच्या ओढीने.
(दोरा कुणाचा? एका विषाणूचा.
मंगळवारी कुरिअरने आला, बर्फात.)

तो दिसत नाही.
मिठाचा प्रवाह वाहत असतो एकसारखा,
मध्येच किंचित कमी होतो,
सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यापुरता.
तेवढ्यावरून म्हणायचं: कुणीतरी गेलं.
राजगडच्या नेढ्यात बसलं असताना
पाठीवरचा वारा अचानक पडला
की मान न वळवता कळायचं,
मागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय.

सरळ गेला तर रेघेत एक पायरी.
दुमडून गेला तर दोन.
अकराशे गेले असे, सरळ, दुमडलेले,
घाईत असलेले.
मी मोजत होते आणि पेंगत होते.

मग एक आला.
पायरी उतरला, आणि पायरीच्या मधोमध
एक खोल, अरुंद टोचा,
जणू जाता जाता ठेच लागली.
मी सरळ बसले.
त्याला गाठ होती.
कुणी मारलेली नाही,
लांब दोऱ्याला एकटं सोडलं की बसते तशी.
गाठीसकट निघून गेला, न उसवता.

सोमवारी ॲलिस्टर म्हणेल, गाळून टाक,
सरासरीत बसत नाही.
बरोबरच आहे त्याचं.
तरी वहीच्या समासात मी मराठीत लिहिलं:
दोन एकेचाळीस. गाठ पडली.

तिनाला छिद्र बुजलं.
दाब उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा,
कोण अडकलंय ते कळलं नाही.
दिवे लावले. डब्यातून फोन घेतला,
आणि ग्लेनिसला न विचारता
एक बिस्किट.