झाकणाच्या आतली बाजू

काउंटर उंच आहे, तो उंचच राहू दे.
मकावमधली गहाणाची दुकानं अशीच बांधतात:
गिऱ्हाइकानं हात वर करून वस्तू द्यायची,
आणि दारात ही लाकडी फळी,
रस्त्यावरून आतला चेहरा दिसू नये म्हणून.

तू नवा आहेस, का-हेई, म्हणून सांगते.
घड्याळ हातात आलं की लगेच बघू नकोस.
आधी वजन घे.
मग देणाऱ्याचं मनगट बघ,
उन्हानं न रापलेला पांढरा पट्टा आहे का तिथे.
पहाटे तीनला कॅसिनोतून येतात त्यांच्याजवळ
बहुधा तेवढा एकच पुरावा उरलेला असतो.

सेकंदकाटा उड्या मारतो तो खोटा,
हे पर्यटकांना सांगायचं.
हल्ली खोटेही सुरळीत सरपटतात.
भिंग लाव. अंकांच्या कडा बघ,
खऱ्याची शाई चढून बसते, धार धरते,
खोट्याची फुटते, ओल्या कागदावर पडल्यासारखी.
किल्ली फिरव.
दाताला दात लागलेला बोटांना कळला पाहिजे.
वाळू लागली तर परत दे, वाद घालू नकोस.
आणि पावती, पेटी, पत्रिका
सगळंच फार नीट जपलेलं असेल
तर दुप्पट सावध हो.

नकलेला अक्कल नसते म्हणतात. असते रे.
सवड नसते.
जिथं कुणी बघणार नाही तिथं नकली कारागीर
हात फिरवत नाही.
खऱ्याच्या झाकणाच्या आत,
मालकाची नजर जन्मात जाणार नाही तिथंही,
कुणीतरी बसून चकाकी दिलेली असते.

तर परवा लाम सेक-हुंग आले.
छत्तीस वर्षं पत्ते वाटलेली बोटं,
टेबलावर ठेवली तरी काहीतरी वाटत असतात.
एका जिंकलेल्या व्यापाऱ्यानं
मनगटावरून काढून दिलेलं घड्याळ.
वाईट दिवसांतही गहाण टाकलं नव्हतं.
म्हणाले, नुसतं बघून सांग.

वजनातच कळलं मला.
तरी झाकण उघडलं.
आत चकाकी नव्हती. खरखरीत पत्रा.
आणि त्या पत्र्यावर, सुईच्या टोकानं कोरलेलं,
अठ्ठ्याण्णव. दोन हजार तीन. नऊ. चौदा.
दुरुस्ती करणारा आपली खूण ठेवतो ना आत, तशी.
सातच्या पोटाला आडवी रेघ.
अशी रेघ या गल्लीत एकच माणूस मारायचा.

माझे वडील, का-हेई.
ज्यांनी दहा वर्षांच्या मला
दुसऱ्याच्या डोळ्यात बघून
‘खोटं आहे’ म्हणायला शिकवलं,
त्यांनी चार वेळा हा पत्रा उघडला,
चाकं धुतली, तेल दिलं,
गंजलेला स्क्रू बदलून स्वतःच्या डबीतला बसवला,
तारीख घातली,
आणि झाकण लावलं.

मी किती वेळ भिंगाला डोळा लावून बसले कोण जाणे.
वर बघायचं होतं. होईना.

‘तूही तशीच,’ लाम म्हणाले.
‘तुझे वडील एरवी गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून बोलायचे.
माझं झाकण लावताना मात्र
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे.
पहिल्याच वेळी कळलं होतं मला.’

‘मग परत परत का आणलंत?’

त्यांनी हात वर केला, घड्याळासाठी.
‘मागे पडायचं ना.’

मी दिलं नाही लगेच.
सुई शोधली.
चौदाच्या खाली जागा होती, थोडीशी.
आकडा नीट आला नाही, माझा हात त्यांच्यासारखा नाही.

काल तू विचारलंस, नोंदवहीत काय लिहू,
खरं की खोटं.
लिही: गहाण घेतलं नाही.
तेल दिलं.
पैसे, एका तेलाचे.